चुंबकाच्या खोलीतलं हळकुंड

एमआरआयच्या खोलीत काय न्यायचं नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी तिथल्या मुलीनं सगळं सांगितलं, कारण ते तिचं कामच होतं. घड्याळ, मोबाईल, चाव्या, केसांचे आकडे, साडीची पिन, एटीएमचं कार्ड. मी मान डोलावत होते. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवताना हाच भाग मी दर वर्षी रंगवून सांगते, टेबलावर आपटून सांगते. त्या दिवशी मी पहिल्या बाकावरच्या गरीब मुलीसारखी नुसती ऐकत उभी राहिले.

"आजींच्या अंगावरचं पण सगळं काढा मॅडम," ती म्हणाली. "मंगळसूत्र, जोडवी, सगळं."

स्ट्रेचरवर माझी आई होती. आदल्या संध्याकाळी ती आणि दादा, म्हणजे माझे वडील, एका बारशाहून मोटारसायकलवर पुणतांब्याला घरी परतत होते. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता, साधं लाल फडकंसुद्धा नव्हतं. कारखाने सुरू झाले की आमच्याकडे हे असंच चालतं. आईच्या पाठीच्या मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं बधिर झालं. दादा जागच्या जागी गेले.

आईला हे माहीत नव्हतं. दादांचा पाय मोडलाय, त्यांना राहात्याला दुसऱ्या दवाखान्यात ठेवलंय, असं तिला सांगितलं होतं. नगरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. रक्तदाब वरखाली होतोय, मणक्याचा फोटो बघून उद्या सकाळी ऑपरेशन करावं लागेल, तोवर त्यांना काही कळू देऊ नका. मी एकुलती एक, त्यात नगरलाच सावेडीत राहणारी, म्हणजे दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. नवऱ्याला मी काकांच्या मदतीला गावी पाठवलं होतं. तेव्हा आईला न कळू देण्याचं काम माझ्याकडे आलं.

मला त्या वेळी काय वाटत होतं, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. काही वाटत नव्हतं. कुणी चहा हातात दिला की पीत होते, कुणी सही कर म्हटलं की करत होते. कॉरिडॉरमधल्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं, ते मात्र मला अजून जसंच्या तसं आठवतं.

खरं तर मी अशी नाही. माझ्या नाकावर राग, आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला की आवरत नाही. हे दादांकडून आलं असं आई म्हणायची, आणि आईकडून आलं असं दादा म्हणायचे. शास्त्र शिकले तशी मला आईशी भांडायला हक्काची कारणं मिळाली. ग्रहणात जेवायचं का नाही, दारावर लिंबू-मिरची कशाला, पायात काळा दोरा कशाला. मी लग्नानंतर मंगळसूत्र घातलं नाही, ते भांडण तर आमच्याकडे दर दिवाळीला फराळाबरोबर निघायचं. दादा ओट्यावर बसून ऐकायचे. मधेच एखादं वाक्य टाकून विझत आलेलं पेटवायचे आणि पुन्हा सुपारी कातरत बसायचे.

माझी पीएचडी अतिवाहक पदार्थांवर आहे. म्हणजे असे पदार्थ, की ज्यांना पुरेसं गार केलं तर त्यांच्यातून वीज कुठेही न अडता वाहते. वीज अडली नाही की तापत नाही, विरत नाही, एकदा सोडली की फिरतच राहते. माझा पदार्थ म्हणजे इट्रियम, बेरियम आणि तांबं यांची ऑक्सिजनशी मिळून झालेली काळी चकती. पावडरी मोजून घ्यायच्या, खलात तासन् तास घोटायच्या, भट्टीत भाजायच्या, पुन्हा घोटायच्या. सुट्टीत घरी येऊन माझे दुखरे खांदे दाखवले तर आई म्हणाली, "येवढं कुटायला येतंय तर माझा काळा मसाला कुटून दे की. त्यो निदान खाता तरी येईल." भट्टीचं गणित चुकलं की चकती काळी न होता हिरवी पडायची आणि महिन्याची मेहनत वाया जायची. यावर आईचं म्हणणं, हिरवं तर शुभ असतं.

तांब्याच्या जागी थोडं लोखंड घातलं तर त्या गुणाचं काय होतं, हे मी बघत होते. थोड्या लोखंडानं तो गुण मरगळतो आणि जास्त झालं की मरतो. चुंबकपणा आणि अतिवाहकता या एका म्यानातल्या दोन तलवारी, असं आम्ही शिकलो होतो. पुढे चक्क लोखंडाच्याच काही संयुगांमध्ये तो गुण सापडला, आणि आमच्या मास्तरांची चांगलीच पंचाईत झाली. मी हे दादांना मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं. ते म्हणाले, "दोन तलवारी एका म्यानात ऱ्हात्यात की. माझ्या घरात न्हाई का दोन?"

मला नगरला नोकरी लागली तेव्हा माझ्याकडे चकत्या होत्या, पण त्या गार करायला द्रव नायट्रोजन नव्हता. तो दादांनी मिळवून दिला. गायी भरवायला येणारा माणूस मोटारसायकलच्या मागे ॲल्युमिनियमचा कॅन बांधून गावोगाव फिरतो. वळूचं बीज त्या कॅनमध्ये द्रव नायट्रोजनात बुडवून ठेवलेलं असतं. हे मला कधी सुचलंच नव्हतं. दादांनी गावच्या दूध डेअरीत शब्द टाकला आणि एका रविवारी आमच्या अंगणात कॅन हजर झाला.

थर्माकोलच्या पेल्यात मी चकती ठेवली, बत्ताशाएवढी. वरून नायट्रोजन ओतला. पांढरा धूर पेल्यातून उतरून शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरला. उकळणं थांबल्यावर मी चिमट्यानं एक बारकं चुंबक चकतीच्या वर धरलं आणि सोडलं. ते खाली पडलं नाही. बोटभर उंचीवर हवेत राहिलं. दादांनी खिशातलं बसचं तिकीट काढून चुंबक आणि चकतीच्या मधून फिरवलं, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि कॅनवाल्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू त्यांनीच ते तरंगत ठेवलं होतं.

आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. थोडा वेळ बघत राहिली.

"किती येळ ऱ्हातं आसं?"

"गार आहे तोवर."

"आन मग? आपटतं?"

"नाही. चकती ऊन झाली की हळूच खाली बसतं."

तिनं हात जोडले. मी लगेच सुरू झाले, की यात देव नाही, दगडाधोंड्यांसारखाच हा पदार्थ आहे, पाणी, लाकूड, तुझा हातसुद्धा चुंबकाला अगदी किंचित दूर ढकलत असतो, इतका किंचित की कळत नाही, आणि ही चकती तेच पूर्ण ताकदीनं करते, बस. आई म्हणाली, "मी देवाला न्हाई जोडले. तुला जोडले. लई बोलतीस."

आता हळकुंडाचं. आईचं मंगळसूत्र मधूनमधून गाठवायला जायचं. तेवढा वेळ गळा मोकळा राहू नये म्हणून ती पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालायची. आमच्याकडच्या सगळ्याच बायका घालतात. एकदा मी घरी होते आणि मला ते दिसलं. झालं. गळ्यात हळद बांधून समोरच्या माणसाचं आयुष्य वाढतं का, वाढत असेल तर दवाखाने बंद करा, किराणा दुकानंच पुरे, असं मी बोलत सुटले. आई ऐकेना, मी थांबेना. शेवटी दादा ओट्यावरून म्हणाले, "ए पोरी, आयुष्य माझं हाय. तू मधी पडू नको. वाढत आसंल तर वाढू दे."

हे सगळं मला त्या कॉरिडॉरमध्ये आठवलं असं मी म्हणणार नाही. तिथं काहीच आठवत नव्हतं. आता लिहिताना आठवतंय.

आधी मी जोडवी काढायला घेतली. जोडवी चांदीची, चांदीला चुंबक ओढत नाही, पण धातूचं बंद कडं त्या यंत्रात तापू शकतं. तापलं असतं तर आईच्या बोटांना पोळलेलं कळलंच नसतं. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी. बोटांवर त्यांचे वळ पडले होते. नर्सनं साबणाचं पाणी दिलं. मी ती फिरवत फिरवत ओढून काढली. थोडं सालटं निघालं. आई छताकडे बघत म्हणाली, "जोडवी काढायची म्हनत हुती ना ती? काढ मग." जोडवी केव्हाच माझ्या मुठीत आली होती. मी म्हटलं, काढते.

हातातल्या हिरव्या बांगड्या अपघातात फुटल्या होत्या. एका मनगटात दोन राहिल्या होत्या. काचेशी चुंबकाला घेणंदेणं नसतं, म्हणून त्या तशाच राहू दिल्या.

मग मी तिच्या गळ्याकडे हात नेला आणि तिनं तो धरला. कमरेखाली जाणीव नव्हती, पण हातात जोर होता.

"हे न्हाई काढायचं."

"आई, आत चुंबक आहे मोठं."

"सोन्याला चुंबक धरत न्हाई. तूच सांगितलं हुतं."

मी खरंच सांगितलं होतं. त्या मुलीनं समजावलं की आजी, ओढत नसलं तरी तापतं, फोटो पण बिघडतो, सगळ्याच बायका काढतात, मी जपून ठेवीन. ती राजूरकडची होती, बोलायला गोड होती. आई तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं नजर माझ्याकडे वळवली.

"मग हळकुंड आन. मोकळ्या गळ्यानं मी आत जायाची न्हाई."

मी "बरं" म्हणाले आणि चपला घातल्या.

दवाखान्याच्या समोरच्या गल्लीत एक किराणा दुकान होतं. दुपारची वेळ, शाळा सुटली होती, स्कूटींवर आया आणि पाठीवर दप्तरं. मी एक हळकुंड मागितलं. दुकानदारानं बरणी काढली आणि विचारलं, "लग्नाचं का? पाच घ्या, एक कशाला नेता." मी एकच द्या म्हटलं. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि हळदीची पुडीही घेतली. तेवढ्यात काकांचा फोन आला. काका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ.

"पोरी, दवाखान्यातून समदं उरकून घरी आनलंय. आता नदीवर न्यावं लागंल. तू येतीस का? थांबू का?"

"आईला सोडून नाही येता येत, काका."

ते घुटमळले. "अग्नीचं... तू म्हनायचीस, मी देनार म्हनून. दादा बी म्हनायचा, तिलाच देऊ दे. मग? सांग, तू म्हनशील तसं करू."

हे मी म्हटलं होतं, एकदा नाही, दर वेळी. मुलगी का नाही, म्हणून चार नातेवाइकांशी कडाडून भांडले होते. दादा तेव्हा म्हणाले होते, "दे बाई, पर घाई करू नको."

"तुम्हीच द्या काका," मी म्हटलं.

त्यांना बहुतेक मी भांडेन असं वाटलं होतं. मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. दुकानदारानं पुडी कागदात बांधून दिली. मी रस्ता ओलांडला.

नळाखाली हळद कालवून मी दोरा पिवळा केला, हळकुंडाला दोन गाठी मारल्या. आईची मान हलवायची नव्हती. नर्सनं डोकं धरलं आणि मी दोरा अलगद मागून घेतला. मंगळसूत्र काढलं, हळकुंड बांधलं. तिकडे गोदावरीच्या काठावर त्याच सुमारास दादांना ठेवलं असेल. मंगळसूत्र मी रुमालात बांधून पर्समध्ये टाकलं. त्या मुलीनं हातातलं तपासायचं चुंबक हळकुंडाजवळ नेऊन बघितलं. "हळकुंडात काही लोखंडबिखंड नसतं ना मॅडम?" असंही विचारलं. मी नाही म्हटलं.

पर्स बाहेर ठेवल्यावर मला आत बसू दिलं, माझ्या अंगावर काढण्यासारखं फार नव्हतंच. खोली गार होती. यंत्र बंद असतानाही एक टकटक ऐकू येत होती, एका लयीत. त्या पांढऱ्या नळीच्या आत नायोबियम आणि टिटॅनियमच्या तारांचं वेटोळं असतं, द्रव हेलियमच्या थंडीत बुडवलेलं. त्यातली वीज रात्रंदिवस फिरत असते. दिवे गेले तरी फिरते. मी उमेदीची वर्षं ज्याच्या मागे घालवली, ते इतक्या जवळून, इतकं मोठं मी कधी बघितलं नव्हतं. एरवी मी त्या मुलीला प्रश्न विचारून भंडावलं असतं. मी आईच्या उघड्या पायांवर चादर ओढली आणि बसून राहिले.

यंत्र सुरू झालं. ठोकल्यासारखे, खरवडल्यासारखे आवाज. आई आत सरकलेली, मला फक्त पाय दिसत होते. जोडव्यांच्या जागी पांढरे वळ. दादा गेल्याचं मला कळल्यापासून मी कुठेही अडले नव्हते. डॉक्टर, काका, दुकान, दोरा, एकातून दुसऱ्यात सरळ वाहत गेले होते. हे बरं चाललंय असंच मला वाटत होतं. आईला काही कळलं नाही, उद्या ऑपरेशन होईल, मग बघू.

ऑपरेशन झालं, हे इथंच सांगून टाकते. आईचे पाय आले, पूर्ण नाही, पण वॉकर धरून ती माझ्या सावेडीच्या फ्लॅटच्या गॅलरीत फेऱ्या घालते आणि खालच्या भाजीवाल्याशी वरूनच घासाघीस करते.

पण त्या दिवशी ती वॉर्डात परत आली तेव्हा चार वाजून गेले असतील. खिडकीतून ऊन तिच्या पलंगावर आलं होतं. मी पर्समधून रुमाल काढला, गाठ सोडली आणि मंगळसूत्र हातात घेतलं. विधवेच्या गळ्यात मंगळसूत्र घालायला निघाले होते आणि मला त्यात फक्त अडकवायचा फासा दिसत होता, लवकर न लागणारा.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.

"काय?"

"ते घालू नको आता."

मी म्हटलं, अगं फोटो झाला, आता घालता येतं. ती छताकडे बघत होती. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे उतरत होतं, पण आवाज साधा होता.

"नदीवर नेलं का त्यांना?"

मी मंगळसूत्र चादरीवर ठेवलं.

"मला कवाच कळलंय. हळकुंड आन म्हनले तवा. तू एका शब्दानं भांडली न्हाईस. गुमान चपला घालून गेलीस. पाय मोडलेल्या मानसासाठी तू माज्याशी भांडली आसतीस."

आमच्या दोघींच्या मधे मंगळसूत्र चादरीवर पडलं होतं. शेजारच्या पलंगावरची बाई मोसंबी सोलायची थांबली.

"काकांनी नेलं," मी म्हटलं. "मगाशी."

"आन तू हितं बसलीस."

"हो."

तिनं डोळे मिटून घेतले. मग हात गळ्याकडे नेला. पण मान उचलता येत नव्हती, गाठ मागे होती, हाताला लागेना.

"हे बी सोड. आता हे चालत न्हाई. सोड गाठ."

"नाही सोडणार," मी म्हटलं.

"सोड म्हनते ना."

"का सोडायची? काय वाकडं करतंय ते? हळद आहे ती. एवढं मोठं चुंबक, त्यानंसुद्धा तिला हात लावला नाही. मग तू का काढतेस? कुणी सांगितलं चालत नाही म्हणून? कोण बघायला येणार आहे?" माझा आवाज चढला होता. "दादा म्हणाले होते ना, वाढत असेल तर वाढू दे. म्हणाले होते की नव्हते? मग राहू दे ना!"

पलंगाच्या लोखंडी कडेवर डोकं टेकून मी हमसून हमसून रडायला लागले. दादा गेले होते, आणि ते मला तेव्हा कळलं. नर्स धावत आली, पेशंटसमोर असं करू नका म्हणून मला दटावायला लागली.

"करू दे तिला," आई म्हणाली. तिचा हात चाचपडत माझ्या डोक्यावर आला, हळदीनं पिवळा झालेला. "भांडली एकदाची."